टाकीतली शेरी

हमदुल्ला होडेकरच्या घरात ‘अब्बा’ या शब्दाची काही टंचाई नव्हती. रुकय्या नवऱ्याचं नाव घेत नसे. रत्नागिरीच्या राजिवड्यात तिच्या आईने कधी घेतलं नव्हतं, सासूने घेतलं नव्हतं, तेव्हा पोरगी झाल्यापासून तिनेही ‘इन्शाचे अब्बा’ हेच धरून ठेवलं होतं. इन्शाचे अब्बा, चहा घ्या. इन्शाचे अब्बा, लिफ्ट आली. इन्शाचे अब्बा, ओला टॉवेल गादीवर कुणी टाकला? असा तो शब्द दिवसभर खोलीत खेळत असे. फक्त जिच्यामुळे हमदुल्लाला तो मिळाला होता, ती इन्शा तो तोंडातून काढत नव्हती.

फोनवर असं नव्हतं. फोनवर ही नऊ वर्षांची पोरगी त्या शब्दाशिवाय वाक्य सुरूच करत नसे. अब्बा, आज बांगडे आणले. अब्बा, बाईंनी मला मॉनिटर केलं. अब्बा, रेंज जातेय. हमदुल्ला बॅचलर खोलीतल्या वरच्या बंकवर आडवा पडून हे सगळं ऐकायचा आणि तेवढ्यावर त्याचा दुसरा दिवस निघायचा. पण दिवाळीच्या सुट्टीत मायलेकी व्हिजिट व्हिसावर शारजाला उतरल्या, विमानतळावर इन्शाने त्याच्याकडे खालून वर पाहिलं, व्यवस्थित सलाम केला आणि त्या घटकेपासून तिने त्याला काहीच म्हणणं बंद केलं.

हाक मारायची वेळ आली की ती त्याची बाही ओढी. बाही हाताशी नसेल तर समोर येऊन उभी राही आणि तो बघेपर्यंत थांबे. लांबून काही सांगायचं असेल तर आईमार्फत सांगे. बिनहाकेची वाक्यं जुळवण्यात ती इतकी तरबेज झाली की दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. हमदुल्लाच्या आलं, आणि एकदा आल्यावर त्याला दुसरं काही ऐकूच येईना. ती बोलायला लागली की तिने काय सांगितलं ते बाजूला राही आणि हा तो एक शब्द येतोय का, याकडे कान लावून बसे.

चुलतभाऊ हम्मादने अल नहदातल्या आपल्या फ्लॅटमधली एक खोली त्यांना सुट्टीपुरती दिली होती. तिथे एकदा, पोरगी बाहेर टीव्ही बघत असताना, हमदुल्लाने बायकोजवळ विषय काढला. रुकय्याने तो उडवून लावला. दोन-दोन वर्षांनी दिसणारा माणूस, पोरीला बुजल्यासारखं होणारच, सवय झाली की म्हणेल, असं तिचं म्हणणं. सवय होईपर्यंत व्हिसा संपेल, हे हमदुल्लाचं म्हणणं. रुकय्याने मग पोरीला सांगून बघते असं सुचवलं, तेव्हा मात्र तो उखडला. सांगून म्हणायला लावायचं असेल तर मला हम्मादच्या पोरानेही म्हटलेलं चालेल, असं काहीतरी तो बोलून गेला.

आता या माणसाचं काम काय, तर दुसऱ्यांच्या पोरांना खूश करणं. शारजापलीकडच्या उम्म अल क्वैनची खाडी उथळ आणि निवांत. आत झाडी आहे, चिखलात उभे राहणारे गुलाबी पक्षी आहेत, आणि पाणी बहुतेक वेळा तळ्यासारखं पडून असतं. तिथे हमदुल्लाच्या अरबाबची, म्हणजे मालकाची, पांढरी फायबरची बोट होती, आणि तिच्यावर फॅमिली फिशिंग ट्रिप चालत. हमदुल्ला बोट चालवायचा, गळाला आमिष लावायचा, कुठे गळ टाकायचा ते दाखवायचा. जाहिरातीत लाइफ जॅकेट, ज्यूस, सँडविच आणि शेवटी ‘प्रत्येक मुलाला मासा, गॅरंटी’ असं छापलेलं होतं. माशांना ही जाहिरात कुणी वाचून दाखवलेली नव्हती. त्यामुळे गॅरंटीची जबाबदारी हमदुल्लावर येऊन पडली.

त्यावर त्याने स्वतःच उपाय काढला होता. पाहुणे यायच्या आधी, पहाटेच, तो बोट घेऊन एकटाच जाई आणि चार-पाच शेरी पकडून आणी. शेरी हा इथला घरोघरी खाल्ला जाणारा मासा, रुपेरी अंगाचा आणि चिवट. बोटीच्या मागच्या बाजूला, इंजिनाला लागून, पाण्याची टाकी होती. तिच्यात त्या जिवंत ठेवायच्या. मग ट्रिपमध्ये एखादं पोर कंटाळून आईच्या मांडीवर लोळायला लागलं की हमदुल्ला म्हणे, बेटा, लाइन उलझ गया, मैं देखता हूँ. रॉड पोराच्याच हातात राही, लाइन मात्र मागून इंजिनाआड ओढली जाई. तो टाकीतली शेरी काढी, पहाटेच्या गळाने तिच्या ओठाला जे भोक पडलेलं असे त्याच भोकातून नवा गळ घाली आणि तिला पाण्यात सोडी. पुढच्या क्षणी रॉड वाके, पोर किंचाळे आणि बापाचा फोन वर येई.

यात लबाडी आहे असं हमदुल्लाला कधी वाटलं नव्हतं. अरबाबच्या ऑफिसातून आई-बापांना आधीच तसं सांगितलेलं असे आणि ते हसून हो म्हणत. फोटो काढून झाला की मासा परत पाण्यात सोडायचा असे. तो बहुतेक वेळा टाकीतच जाई. एक शेरी तर इतकी सरावली होती की गळ दिसला की आपणहून तोंड उघडते, असं तो सोबतच्यांना सांगे. पोरं खूश, आई-बाप खूश, अरबाब खूश. शेरीचं मत कुणी विचारलं नव्हतं.

अशा माणसाला आपल्या पोरीच्या बाबतीत बोट आठवली नसती तरच नवल. खोलीत तो पाहुण्यासारखा होता. मॉलमध्ये तर तिच्यापेक्षा तोच जास्त बुजलेला. पण बोटीवर तो कुणीतरी होता. लोक त्याला कॅप्टन म्हणत, त्याने थांब म्हटलं की थांबत. इन्शाने आपल्याला तिथे एकदा बघावं, तिच्या गळाला आपण एक मासा लावून द्यावा, म्हणजे मग तो शब्द आपोआप येईल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. मासा खरा असायला हवा होता. टाकीतला नाही. याबद्दल त्याच्या मनात जराही शंका नव्हती. परक्यांच्या पोरांची गोष्ट वेगळी आणि आपल्या पोरीची वेगळी.

अरबाबने फारशी खळखळ केली नाही. शनिवारची एक छोटी फॅमिली आहे, बोटीत जागा आहे, मायलेकींना एका बाजूला बसव म्हणाला. रुकय्याने नाक मुरडलं. राजिवड्याच्या पोरीला मासे काय नवीन आहेत, सकाळ झाली की दारात टोपली येते, असं तिचं मत होतं. पण तिनेही नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि पुढे काही बोलली नाही.

शनिवारी हम्मादने त्यांना भल्या सकाळी धक्क्यावर आणून सोडलं. हमदुल्ला तेव्हा नुकताच खाडीतून परतला होता आणि शेरी टाकीत सोडत होता. इन्शा येऊन उभी राहिली आणि आत डोकावली.

“खायला?” तिने विचारलं.

“नाही. असू दे, लागतात,” असं म्हणून हमदुल्लाने वेळ मारून नेली आणि झाकण लावलं. पोरीने झाकणाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि आईजवळ जाऊन बसली.

पाहुणे दुबईतल्या अल बर्शाहून आले होते, आणि निघाले मराठी. सुजीत कुठल्याशा कंपनीत फायनान्समध्ये होता, मूळचा पुण्याचा, बायको शुभ्रा, थोरली सान्वी इन्शाच्याच वयाची आणि धाकटा अंश पाच-सहा वर्षांचा. हमदुल्ला रत्नागिरीचा आहे म्हटल्यावर सुजीतला फार आनंद झाला. आपण गणपतीपुळ्याला जाताना तिकडूनच जातो, तिथे एक काय सुंदर थाळी मिळते, असं त्याने सांगितलं. मग पोरं लाइफ जॅकेटात अडकवली जात असताना त्याने हळूच हमदुल्लाच्या खांद्यावर हात ठेवला.

“ते फिशचं अरेंज केलंय ना? तुमच्या ऑफिसने कमिट केलंय. प्लीज, नाहीतर हे दोघं माझं डोकं खातील.”

हमदुल्लाने डोळ्यांनीच हो म्हटलं, तेव्हा सुजीत निश्चिंत झाला आणि छपराखाली जाऊन बसला. माणूस वाईट नव्हता. आठवडाभर ऑफिसात आणि शेख झायेद रोडवर घालवलेल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी रडणारी पोरं नको होती, एवढंच.

बोट खाडीत शिरली. हमदुल्ला चाकाशी उभा राहिला, त्याने छाती जरा जास्तच पुढे काढली आणि मागे वळून पोरीकडे पाहिलं. इन्शा पाण्यात हात घालून बसली होती. झाडीजवळ त्याने इंजिन बंद केलं, नांगर टाकला आणि तीन रॉड काढले. सान्वीला एक दिला, अंशला दिला, तिसरा इन्शापुढे धरला आणि म्हणाला, “लो बेटा, टाइट पकडना.”

रुकय्याने मान वर केली. हमदुल्लाला कळलं, पण तोवर बोलून झालं होतं. तीन वर्षं रोज जी भाषा या बोटीवर बोलली जायची तीच तोंडाला आली होती. इन्शाने रॉड घेतला. हिंदी तिला येत होतीच. तिने टाइट पकडला.

बराच वेळ काही झालं नाही. पाणी मरगळलेलं होतं. भरती संपलेली आणि ओहोटी सुरू व्हायची होती, आणि अशा वेळी मासा तोंड उघडत नाही. हमदुल्लाला हे माहीत होतं. पण ट्रिपची वेळ माशांना विचारून ठरवलेली नसते. अंशने सँडविचातलं चीज खाल्लं, ब्रेड पाण्यात टाकला, मग रॉडही टाकायच्या बेतात आला. सुजीतने हमदुल्लाकडे पाहिलं. हमदुल्लाने ठरलेलं वाक्य म्हटलं, लाइन मागे ओढली आणि काम केलं. सगळं नेहमीसारखं सफाईने झालं. अंश किंचाळला, शुभ्राने टाळ्या वाजवल्या, शेरी उन्हात चमकली. थोड्या वेळाने सान्वीची लाइनही उलझली. तिने मात्र शांतपणे रीळ फिरवलं, मासा वर घेतला, फोटोसाठी दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, “थँक यू, अंकल.” पोरगी वळणाची होती. आपला मासा सोडायचा नाही, घरी नेऊन आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवायचा, असं तिने जाहीर केलं आणि तो बादलीत ठेवायला लावला.

या सगळ्यात इन्शा आपला रॉड धरून बसून होती. हमदुल्लाने तिची जागा मुद्दाम पुढे, नाळेकडे ठेवली होती, टाकीपासून लांब. तो तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. आमिष बदललं, कोलंबीचा ताजा तुकडा लावला, गळ झाडीच्या मुळांशी टाकून दिला. तिथे नक्की असतो, त्याने सांगितलं. माझे बाबा, म्हणजे तुझे दादा, मच्छीमार होडीचे तांडेल होते, त्यांनी मला शिकवलंय. इन्शाने ऐकून घेतलं. मासा आला नाही. त्याने जागा बदलली, नांगर उचलून बोट दुसऱ्या वळणावर नेली. तिथेही आला नाही. एकदा लाइन थरथरली, हमदुल्ला अर्धवट उठला, पण ते गवत निघालं.

आणि मग वेळ संपत आली. दुपारी आम्हाला ब्रंचला पोचायचंय, सुजीत म्हणाला, पण तुमच्या मुलीला मिळेपर्यंत थांबू हं, नो प्रॉब्लेम. शुभ्रानेही तसंच म्हटलं. हे चांगल्या मनाने म्हटलेलं होतं आणि त्यामुळेच हमदुल्लाची पंचाईत झाली. आता सगळी बोट इन्शाकडे बघत बसली. अंश दर मिनिटाला विचारत होता, डिड शी गेट इट? डिड शी गेट इट? इन्शाचे कान लाल झाले होते. ती रॉडच्या टोकाकडे बघत होती आणि कुणाकडेच बघत नव्हती. रिकाम्या हाताने ही पोरगी बोटीवरून उतरणार, या बोटीवर रिकाम्या हाताने उतरलेलं एकमेव पोर आपलं असणार, हे हमदुल्लाला सहन होईना. मनाशी केलेला पक्का निश्चय त्याने मोडला.

“इन्शा, मागे येऊन बस,” तो म्हणाला. “इथे पाणी खोल आहे.”

ती आली. त्याने तिला त्या झाडीतले गुलाबी पक्षी दाखवले. तिने मान वळवली. तेवढ्यात त्याने तिची लाइन मागे ओढली आणि टाकीचं झाकण सरकवलं. शेरी दोनदा निसटली, ओठावरचं पहाटेचं भोक सापडेना, आणि पोरगी वळून बघेल या भीतीने त्याने गळ दिसेल तिथे खुपसला आणि मासा पाण्यात सोडला.

रॉड वाकला. सगळे ओरडले. इन्शाने रीळ फिरवलं, घाईगडबड न करता, ओठ घट्ट मिटून, आणि शेरी वर आली. सुजीतने शिट्टी वाजवली. हमदुल्ला तिच्या तोंडाकडे बघत होता. ती हसली होती. खरंच हसली होती, दात दाखवून, आणि ते हसू घेऊन ती आता याच्याकडे वळणार, असं त्याला वाटलं. पण बंदरावर वाढलेलं पोर माशाकडे बघितल्याशिवाय राहत नाही. तिने शेरीच्या गालाखाली बोट घालून ती डोळ्यांसमोर धरली.

“हिला दोन भोकं कशी?” ती म्हणाली.

ती कुणाला दोष देत नव्हती. तिला प्रश्न पडला, तो तिने विचारला. पण सान्वी जवळच उभी होती. तिने वाकून बघितलं, मग बादलीशी जाऊन आपल्या माशाचं तोंड उघडून बघितलं. तिथे एकच भोक होतं. हमदुल्लाचं काम सफाईचं. पोरगी हुशार होती, गणिताच्या क्लासला जाणारी. तिने हिशेब मांडला.

“माइन हॅज ओन्ली वन,” ती म्हणाली. “मम्मा, हर्स इज फेक. अंकलनी लावला तिच्यासाठी, बिकॉज शी इज हिज डॉटर. दॅट्स चीटिंग.”

“सान्वी,” शुभ्रा म्हणाली, पण पुढे काय म्हणावं ते तिला सुचलं नाही. अंशने लगेच फेक फिश, फेक फिश असा घोष सुरू केला. सुजीतने हमदुल्लाकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात विनंती होती. बोटीवरच्या सगळ्या मोठ्या माणसांना खरं ठाऊक होतं. ते सांगायचं तर तिन्ही मासे टाकीतले होते हे सांगावं लागलं असतं. दोन पोरं रडली असती, आई-बाप तोंडघशी पडले असते आणि संध्याकाळपर्यंत अरबाबचा फोन आला असता. न सांगायचं तर खोटा मासा एकटीच्या नावावर राहत होता, आणि ती एकटी इन्शा होती.

हमदुल्लाने घसा साफ केला. तिसरा रस्ता त्याच्या जिभेवर तयारच होता. इतकी वर्षं वेळ मारून नेणाऱ्याची जीभ ती.

“असं होतं कधी कधी,” तो म्हणाला. “आधी कुणाच्या तरी गळाला लागली असेल, झटका देऊन पळाली असेल. म्हणून दोन. मासा खरा आहे.”

सुजीतने सुटकेचा श्वास टाकला. रुकय्याने पाण्याकडे तोंड फिरवलं. सान्वीचं मात्र समाधान झालं नाही. मोठी माणसं काय म्हणतात त्यापेक्षा ज्याचा मासा त्याने सांगावं, असं तिला वाटलं असावं. ती सरळ इन्शासमोर जाऊन उभी राहिली आणि तिला समजावं म्हणून मराठीत विचारलं, “खरं आहे का ते?”

जुनी जखम पांढरी पडते, हे राजिवड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ही दोन्ही भोकं लाल होती. सकाळी टाकीत शेरी होत्या हे इन्शाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आता टाकीचं झाकण अर्धवट उघडं राहिलं होतं. तिने झाकणाकडे पाहिलं. मग आईकडे. मग तिने हमदुल्लाकडे पाहिलं, बराच वेळ, आणि हमदुल्लाला आपले ओले हात कुठे ठेवावेत ते कळेना.

“अब्बा म्हणतात ना,” इन्शा म्हणाली, “मग खरंच आहे.”

इतकं सहज म्हणाली की जणू सुट्टीभर तोच शब्द बोलत होती. सान्वीने खांदे उडवले, ओके म्हणाली आणि आपल्या बादलीकडे गेली. अंशला फेक फिशचा कंटाळा आलाच होता. गोष्ट तिथेच मिटली.

हमदुल्लाला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा आनंदच झाला, छातीत मावेना असा. तो शब्द त्याच्या समोर, फोनशिवाय, उघड्या हवेत, चार लोकांदेखत बोलला गेला होता. मग त्याला लाज वाटली, आणि ती लाज अशी होती की आनंद तिच्याखाली पार दबून गेला. या पोरीच्या तोंडून पहिल्यांदा अब्बा निघालं ते आपलं खोटं झाकायला, हे त्याला नीट कळत होतं. त्याने शेरी हातात घ्यायला हात पुढे केला, नेहमीच्या सवयीने, टाकीत सोडण्यासाठी. इन्शाने ती त्याला दिली नाही. ती बोटीच्या कडेशी गेली, गळ हलकेच सोडवला आणि मासा पाण्यात सोडून दिला.

नांगर वर आला. बोट धक्क्याकडे निघाली. ओहोटी लागली होती आणि आता पाण्यात जागोजाग मासे उडत होते, पण ते कुणी बघत नव्हतं. सुजीतचं कुटुंब छपराखाली फोटो चाळत बसलं. शुभ्राने रुकय्याला मसाल्याचा कुठला ब्रँड वापरता ते विचारलं, आणि रुकय्याने आम्ही घरीच करतो असं सांगून विषय संपवला. हमदुल्ला चाकाशी उभा होता. थोड्या वेळाने इन्शा उठून त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. बाही ओढली नाही, नुसतीच उभी राहिली. इंजिनाच्या आवाजात मागे काही ऐकू जाणार नव्हतं.

“मासा मीच लावला होता,” तो समोर बघत म्हणाला.

“माहीत आहे.”

“मग तू बोलली का नाहीस?”

इन्शाला या प्रश्नाचं नवल वाटलं असावं. तिने जरा विचार केला.

“तुम्ही फोनवर सांगता ना, या ईदला येतो म्हणून,” ती म्हणाली. “मी शाळेत सांगते. मग मुली म्हणतात, खोटं बोलते, गेल्या ईदलापण आले नव्हते. त्यांना मी असंच सांगते. अब्बा म्हणतात ना, मग खरंच आहे.”

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. दप्तर कुठे ठेवते, डबा कोण भरतं, तसं सांगितलं. हमदुल्लाने चाक धरून ठेवलं. त्या दरेक ईदला आपण काय म्हणालो होतो ते त्याला आठवत होतं. इन्शाल्ला, बेटा, नक्की, असं म्हणून फोन ठेवला की त्याला बरं वाटायचं. रत्नागिरीतल्या शाळेत त्यानंतर काय होत असेल, हा विचार त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता. आपलं प्रत्येक इन्शाल्ला ही पोरगी एकटीने निभावून नेत होती. त्याचे डोळे भरून आले. समोर धक्का दिसायला लागला होता, म्हणून त्याने ते पुसले.

“या ईदला येणार?” इन्शाने विचारलं.

उत्तर जिभेवर तयार होतं. हमदुल्लाने ते गिळलं.

“नाही,” तो म्हणाला. “ईदला इथे सुट्टी असते, सगळ्यात जास्त ट्रिपा तेव्हाच. अरबाब सोडत नाही. कधी येईन ते मला माहीत नाही, इन्शा.”

इन्शाने मान डोलावली. धक्क्यावर हम्माद गाडीजवळ उभा राहून हात हलवत होता. तिने त्याला हात केला.

“बरं, अब्बा,” ती म्हणाली. “मग मी शाळेत तसंच सांगते.”